पावत्यांवर ३४१ डॉलर वाचले, आणि बँकेतून ९९ डॉलर जास्त गेले

ऑक्टोबर २०२४ मधला एक शनिवार. अमेरिकेत, न्यू जर्सीतल्या एडिसनला माझ्या मावसबहिणीकडे डायनिंग टेबलवर आम्ही तिघी बसलो होतो, ती, तिच्या सासूबाई आणि मी, आणि मध्ये ड्रगस्टोअरच्या, म्हणजे औषधांबरोबर साबण-डायपरही विकणाऱ्या दुकानाच्या, पावत्यांचा ढीग. हातहातभर लांब पावत्या, काही घडी करून रबरबँड लावलेल्या, काही डायपर बॅगच्या तळातून काढलेल्या. प्रत्येक पावतीच्या खाली छापलेलं असतं की आज तुमचे इतके डॉलर वाचले. दोन महिन्यांच्या त्या सगळ्या आकड्यांची बेरीज केली, आली ३४१. मग तिच्या नवऱ्याने क्रेडिट कार्डचं स्टेटमेंट उघडलं आणि त्याच दुकानात ऑगस्टमध्ये १९८ आणि सप्टेंबरमध्ये २२९ गेलेले दिसले, म्हणजे ४२७. कूपनं, म्हणजे सवलतीच्या चिठ्ठ्या, वापरायला सुरू करायच्या आधी साबण, डायपर, टूथपेस्ट, औषधं असा सगळा बिनखाण्याचा खर्च महिन्याला सरासरी १६४ होता, म्हणजे दोन महिन्यांचा ३२८. ९९ डॉलर जास्त गेले होते.

ती एकदम गप्प झाली. म्हणाली, "ताई, मी दर रविवारी दोन-दोन तास बसत होते गं याच्यावर."

हे प्रकरण मी सविस्तर लिहितेय कारण अशी घरं मला इथे खूप दिसतात. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, बायको एच-४ या त्याला जोडलेल्या व्हिसावर, डिग्री असून नोकरी करता येत नाही (२०१५ पासून एच-४ वाल्यांना वर्क परमिट मिळतं पण त्यासाठी आधी नवऱ्याचं ग्रीन कार्डचं काम एका टप्प्यापर्यंत जावं लागतं, आणि यांचं अजून गेलं नव्हतं), लहान बाळ, आणि मनात सतत एकच की मी कमवत नाही तर निदान वाचवते तरी. ती खूप मनापासून करत होती, आणि तरी पैसे गळत होते.

आधी परिस्थिती सांगते. घरात चार माणसं, ती, नवरा, नऊ महिन्यांचं बाळ आणि डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आलेल्या सासूबाई, ज्यांना मी काकू म्हणते. गाडी एकच, ती नवरा ऑफिसला नेतो, आणि तिला तेव्हा ड्रायव्हिंग येत नव्हतं. कॉस्टको, वॉलमार्ट ही मोठी स्वस्त दुकानं सगळी गाडीच्या अंतरावर. चालत सात मिनिटांवर एकच दुकान, मोठ्या चेनचं ड्रगस्टोअर. दुकानाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये कारण चूक दुकानाची नव्हती आणि दुसऱ्या चेनमध्येही हेच झालं असतं. लोक म्हणतात ड्रगस्टोअरमध्ये कशाला जाता, तिथे सगळं महाग असतं, खरंय, शेल्फवरची किंमत महागच असते, पण स्ट्रोलर ढकलत जिथे जाता येतं तेच आपलं दुकान.

ज्यांना ही पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इथे कूपनं दोन घरची असतात. एक कंपनीचं, म्हणजे साबण किंवा डायपर बनवणाऱ्याचं, ते दुकानदार घेतो आणि नंतर कंपनीकडून तेवढे पैसे वसूल करतो, वर प्रत्येक कूपनामागे साधारण ८ सेंट हाताळणीचे मिळतात, ते कूपनावर बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं. दुसरं दुकानाचं स्वतःचं. एका वस्तूवर कंपनीचं एक आणि दुकानाचं एक अशी दोन्ही लागू शकतात, पण कंपनीची दोन नाही, म्हणजे पेपरातून कापलेलं आणि ॲपमधलं दोन्ही एकाच डायपरच्या पाकिटावर चालत नाहीत. आणि तिसरी गोष्ट म्हणजे रिवॉर्ड, आज अमुक इतक्याचं घ्या आणि पुढच्या खरेदीला वापरायला इतके डॉलर परत. सीव्हीएस या ड्रगस्टोअर चेनमध्ये याला एक्स्ट्राबक्स म्हणतात, तिथे एकूण खरेदीवर २ टक्केही परत मिळतात. वॉलग्रीन्स या दुसऱ्या चेनमध्ये वॉलग्रीन्स कॅश, ती साध्या खरेदीवर १ टक्का आणि त्यांच्या स्वतःच्या ब्रँडवर ५ टक्के. ऑफर रविवारी बदलतात आणि शनिवारपर्यंत चालतात.

हे सगळं तिला तोंडपाठ होतं, माझ्यापेक्षा जास्त. म्हणजे माहिती कमी पडली नव्हती.

मग आम्ही पावत्यांमधल्या वस्तूंचे तीन ढीग केले, कागदावर. पहिला बाळाचे डायपर आणि वाइप्स, १४८ डॉलर. दुसरा घरात खरंच लागणाऱ्या इतर गोष्टी, डिटर्जंट, टॉयलेट पेपर, हँडवॉश, भांड्यांचा साबण, बाळाचं तापाचं औषध, १२१ डॉलर. आणि तिसरा ढीग, नुसत्या ऑफर चांगल्या होत्या म्हणून घेतलेल्या वस्तू, १५८ डॉलर. केसांचा रंग (घरात कोणी लावत नाही), गमी व्हिटॅमिन, तीन मस्कारा, पाच ब्लेडचे रेझर, हॅलोविनची चॉकलेटं, आणि टूथपेस्ट. टूथपेस्टच्या नऊ ट्यूब होत्या बाथरूमच्या कपाटात. नवऱ्याच्या नावाचं दुकानाचं वेगळं मेंबर कार्ड काढून त्याच्यावर पण घेतलेल्या.

काकूंनी एक ट्यूब हातात घेतली आणि विचारलं, "ही किती दिवस जाते गं तुम्हाला?" पाच-सहा आठवडे, ती म्हणाली. काकूंनी बोटांवर मोजलं, म्हणाल्या, "म्हणजे पुढच्या वर्षीच्या दसऱ्यापर्यंतची झाली की. आणि डायपर?"

डायपर कपाटात एकच पाकीट होतं, तेही फुटलेलं.

मला तिथेच सगळं लक्षात आलं. जी वस्तू रोज पाच लागते ती घरात नव्हती आणि जी दीड महिन्यात एक लागते ती नऊ होती. डायपर संपले की रात्री नवरा ऑफिसमधून येताना घाईत एक पाकीट उचलायचा, पूर्ण किमतीला, १२.९९, कधी कधी मेंबर कार्डचा फोन नंबरसुद्धा न टाकता. दोन महिन्यांत अशी पाच पाकिटं, ६५ डॉलर. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय म्हणतात ना, ती रविवारी कात्री घेऊन एक-एक डॉलर वाचवायची आणि मंगळवारी रात्री ते पीठ जायचं. यात दोष नवऱ्याचा पण नाही हो, त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

शिवाय २३ डॉलरचे रिवॉर्ड मुदत संपून गेले होते. बाळाला सर्दी झाली, एक आठवडा बाहेर पडता आलं नाही, गेले. या रिवॉर्डला लोक पैसे समजतात पण ते पैसे नसतात, तुम्ही परत त्याच दुकानात त्याच तारखेच्या आत गेलात तरच त्याचे पैसे होतात. नाहीतर तुम्ही वस्तूला पूर्ण भाव दिलेला असतो. ज्यांना पॉइंट साठवून ठेवायची सवय आहे त्यांनी राइट एडकडे बघावं, किती जुनी चेन, आपल्या न्यू जर्सीत इतकी दुकानं, २०२३ मध्ये एकदा दिवाळखोरी, २०२५ च्या मे महिन्यात दुसऱ्यांदा, आणि त्याच ऑक्टोबरपर्यंत सगळी दुकानं बंद. दुकानच नाही तर पॉइंट कुठे वापरणार.

"फुकट" टूथपेस्टचं पण गणित मांडलं, कारण तिचा त्यावर फार विश्वास होता. किंमत ३.९९, कंपनीचं १ डॉलरचं कूपन, आणि ३ डॉलर रिवॉर्ड परत. तिच्या हिशोबात हे शून्य. पण न्यू जर्सीत सेल्स टॅक्स ६.६२५ टक्के आहे आणि कंपनीचं कूपन असलं तर टॅक्स कूपनच्या आधीच्या किमतीवर लागतो, कारण दुकानाला ते पैसे कंपनीकडून मिळणारच असतात. दुकानाचं स्वतःचं कूपन असेल तर मात्र कमी झालेल्या किमतीवर. म्हणजे ३.९९ वर २६ सेंट टॅक्स, हातातून गेले ३.२५, आणि ३ डॉलर अडकले पुढच्या आठवड्याच्या अटीत. एका ट्यूबला हे काहीच नाही पण नऊ ट्यूब म्हणजे जवळपास तीस डॉलर काउंटरवर ठेवले, आणि त्यातून आलेले रिवॉर्ड कुठे गेले तर केसांच्या रंगात. ज्यांना टॅक्सचं माहीत नाही त्यांनी हे पण लक्षात ठेवा की डायपर, टॉयलेट पेपर, पेपर टॉवेल अशा घरगुती कागदी वस्तूंवर आणि बिनप्रिस्क्रिप्शनच्या औषधांवर न्यू जर्सीत टॅक्स नाहीये, टूथपेस्ट, शाम्पू, डिटर्जंटवर आहे. मी ११ वर्षं इथे राहून मला हे नीट त्या दिवशी पावत्या बघताना कळलं.

उपाय काकूंकडून आला, आणि हे मला लिहायचंच होतं.

काकू डोंबिवलीत वर्षानुवर्षं मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघात होत्या. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते, १९७५ साली सुरू झालेली ग्राहकांची संस्था, आसपासची काही घरं मिळून एक संघ होतो, महिन्याला प्रत्येक घर आपली वाणसामानाची यादी भरून देतं, माल एकत्र येतो, एका घरी उतरतो आणि तिथून वाटप होतं. काकू म्हणाल्या, "आमच्याकडे यादी आधी भरायची. दुकानात उभं राहून नाही, घरात डबे उघडून. साबण किती वड्या उरल्यात, तेल किती, ते बघून. तू उलटं करतेस बाळा. त्यांनी कागद पाठवला की तू त्यावरून यादी करतेस."

मी कूपनं, ॲप, स्टॅकिंग (एका वस्तूवर दोन कूपनं लावणं) सगळं समजावत बसले असते, आणि ती बाई दोन वाक्यांत मुद्द्यावर आली. यादी आपली की दुकानाची, सगळा फरक तिथे आहे. दुकानाच्या कागदावरून केलेली यादी कितीही कूपनं लावली तरी दुकानाचीच यादी राहते.

मग एक वही केली. साधी दोनशेपानी, इथल्या डॉलर स्टोअरची. फोनमध्ये करूया म्हटलं तर काकू म्हणाल्या मला दिसायला हवी, म्हणून फ्रिजवर टांगली. रकाने चार, वस्तू, घरात किती आहे, किती दिवस पुरेल, आणि "आपला भाव". हा चौथा रकाना महत्त्वाचा. आपला भाव म्हणजे सगळी कूपनं आणि रिवॉर्ड धरून एका नगाला जास्तीत जास्त किती द्यायचे. डायपर एका नगाला २८ सेंट. डिटर्जंट एका लोडला, म्हणजे मशीनच्या एका धुण्याला, १२ सेंट. टूथपेस्ट एका ट्यूबला १ डॉलर. हे आकडे आम्ही जुन्या पावत्यांमधली सर्वात स्वस्त खरेदी बघून ठरवले, कुठून उचलले नाहीत, आणि तुमच्या घरी ते वेगळे येतील.

नगाचा भाव काढायला बसलं की डोळे उघडतात. टॉयलेट पेपरच्या पाकिटावर मोठ्या अक्षरात असतं १२ रोल म्हणजे ४८ रोल, मेगा, सुपर मेगा काय काय. काकूंनी पाकीट उलटं केलं आणि खाली बारीक लिहिलेले एकूण कागद शोधून काढले, एका रोलला किती शीट. दोन ब्रँडची पाकिटं शेजारी ठेवली तर जास्त रोलवाल्यात एकूण शीट कमी निघाल्या. डिटर्जंटचं पण तसंच, बाटलीवरचे लोड हे टोपीतल्या १ नंबरच्या रेषेपर्यंत भरलं तर, आणि बहीण अख्खी टोपी भरून ओतायची. म्हणजे ६४ लोडची बाटली तिच्याकडे तीस धुण्यांत संपत होती. टोपीला आतून मार्करने रेघ मारली, तेवढंच. हा कुठल्याच कूपनात न येणारा फायदा.

साठ्याचं पण ठरवलं. आठ आठवडे पुरेल त्याच्यापेक्षा जास्त काही घरात आणायचं नाही, कारण आम्ही पावत्या बघितल्या तर तेच तेच सेल साधारण दीड-दोन महिन्यांनी परत येत होते. डायपर मात्र तीनच आठवड्यांचे, बाळ वाढतं, साइज बदलते, लहान साइजची चार पाकिटं पडून राहिलेली घरं मी बघितली आहेत. आणि रात्रीच्या त्या पाकिटासाठी एक सीलबंद पाकीट कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवायचं, ते फोडलं की त्याच दिवशी वहीत लाल खूण.

रिवॉर्डचा नियम, आला की पुढच्याच खरेदीत डायपरवर घालवायचा. साठवायचा नाही आणि मस्काऱ्यावर तर नाहीच. डायपर लागणारच आहेत त्यामुळे तो रिवॉर्ड खऱ्या पैशाची जागा घेतो.

नोव्हेंबरमधल्या एका मंगळवारची खरेदी इथे पूर्ण देते, कारण नुसतं सांगून कळत नाही. ऑफर होती की ठरावीक ब्रँडच्या वस्तू ३० डॉलरच्या घ्या आणि १० डॉलर रिवॉर्ड मिळवा. वहीत डायपर १३ दिवसांचे आणि टॉयलेट पेपर ५ दिवसांचा उरलेला, म्हणजे दोन्हीची गरज होतीच. डायपरची दोन पाकिटं १२.९९ ची, टॉयलेट पेपर ५.९९, एकूण ३१.९७. त्यांच्या दुकानात हा ३० चा आकडा कूपन लावायच्या आधीच्या किमतीवर मोजतात, सगळीकडे तसं असेलच असं नाही त्यामुळे बारीक अक्षरं वाचा. मग एका पाकिटावर ॲपमधलं २ डॉलरचं कूपन आणि दुसऱ्यावर रविवारच्या पेपरातलं २ डॉलरचं, वर दुकानाचं डायपरवरचं ३ डॉलरचं. राहिले २४.९७. मागच्या आठवड्याचा ८ डॉलरचा रिवॉर्ड लावला, कार्डवरून गेले १६.९७, आणि हातात पुढच्या वेळचे १० आले. टॅक्स शून्य, सगळंच कागदी.

आता खरा भाव काढायचा तर १६.९७ धरायचे नाहीत, कारण ते ८ डॉलर आपण आधी कधीतरी दिलेलेच होते. २४.९७ मधून आत्ता मिळालेले १० वजा, तेही वापरणारच आहोत म्हणून, म्हणजे १४.९७. त्यातले तीनेक डॉलर टॉयलेट पेपरचे धरले तर ४८ डायपरला १२ डॉलर, एकाला २५ सेंट. पूर्ण किमतीत तोच डायपर ५४ सेंटला पडत होता. आपला भाव २८, म्हणजे घ्यायचं. त्याच आठवड्यात शाम्पूवर याहून चांगली ऑफर होती, ती बघून बहिणीचा हात जात होता, पण वहीत शाम्पू ७० दिवसांचा होता. तिने नाही घेतला. मला तिचा त्या दिवशीचा मेसेज अजून आठवतो, "ताई सोडला."

एक वाईट प्रसंग पण सांगायला हवा, सप्टेंबरमधला, ही वही वगैरे व्हायच्या आधीचा. एकदा नवरा तिला दुसऱ्या एका चेनच्या दुकानात सोडून गेला होता. तिच्याकडे तीन वस्तू, तीन कंपनीची कूपनं आणि एक छापील रिवॉर्ड. काही दुकानांत तो छापील रिवॉर्डसुद्धा कंपनीचं कूपन म्हणून मोजला जातो आणि कूपनांची संख्या वस्तूंपेक्षा जास्त झाली की मशीन घेतच नाही, म्हणून जुने लोक अशा वेळी पन्नास-साठ सेंटची एखादी छोटी वस्तू बरोबर घेतात. तिला हे माहीत नव्हतं. काउंटरवरचा माणूस मोठ्याने म्हणाला की असं चालत नाही, मागे रांग, बाळ रडतंय, तिने सगळं तिथेच ठेवलं आणि बाहेर येऊन बाकावर बसून राहिली. "मी काहीतरी चोरतेय असं बघत होते सगळे," ती म्हणाली. हे ऐकून मला फार लागलं. स्वतःची कमाई नसलेल्या बाईला काउंटरवर असं काही झालं की ते दोन डॉलरचं राहत नाही.

पण काउंटरवाल्यांची बाजू पण आहे. बनावट कूपनांचा इथे मोठा धंदा चालतो, २०२१ मध्ये व्हर्जिनियात एका बाईला अशा प्रकरणात १२ वर्षांची शिक्षा झाली, नुकसान ३ कोटी १० लाख डॉलरच्या वर होतं. त्यामुळे कागदी कूपनांचा गठ्ठा दिसला की ते सावध होतात. आम्ही तिला सांगितलं की दुकानाची कूपन पॉलिसी त्यांच्या साइटवर असते ती फोनमध्ये सेव्ह कर, रविवारी गर्दीत जाऊ नको, मंगळवार-बुधवारी अकराच्या सुमारास जा, आणि काही अडलं तर "ठीक आहे, मग हे एक काढून टाका" एवढं म्हण, वाद नको. नंतर तिची त्या जवळच्या दुकानातल्या सकाळच्या कॅशिअर बाईशी ओळखच झाली, ती स्वतःहून सांगायची की उद्या हे कूपन संपतंय. आणि पिशवी घरून न्यायची, न्यू जर्सीत मे २०२२ पासून प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग बंद आहेत, काकूंनी आणलेल्या डोंबिवलीच्या कापडी पिशव्या तिथे कामाला आल्या.

औषधांचं मात्र आम्ही या हिशोबातून बाहेरच काढलं. ॲलर्जीची, तापाची गोळी ड्रगस्टोअरमध्ये ब्रँडची घेऊन त्यावर कूपन लावत बसण्यापेक्षा दुकानाच्या स्वतःच्या ब्रँडची घ्यावी, डब्यावर मूळ औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम बघायचे, टायलेनॉल या ब्रँडच्या गोळीत जे असिटॅमिनोफेन (आपलं पॅरासिटामॉल) तेच यात. आणि माझ्यासारखी कोणी वर्षभर ॲलर्जीचं लोराटाडिन घेत असेल तर कॉस्टकोत ३६५ गोळ्यांची बाटली मिळते तिच्यापुढे कुठलंच कूपन टिकत नाही. डिसेंबरमध्ये दुसरी एक गोष्ट सापडली, नवऱ्याच्या कंपनीतल्या एफएसए खात्यात, म्हणजे औषधपाण्यासाठी पगारातून बाजूला ठेवलेल्या पैशांच्या खात्यात, २०० च्या आसपास डॉलर पडून होते, वर्ष संपलं की जाणार होते. २०२० च्या कायद्यापासून या खात्यातून प्रिस्क्रिप्शनशिवायची औषधं आणि सॅनिटरी पॅडसुद्धा घेता येतात. थर्मामीटर, बाळाचं तापाचं औषध, पॅड, बँडेज, सनस्क्रीन असं घरात खरंच लागणारं त्यातून घेतलं. साधे डायपर त्यात बसत नाहीत, हे सगळे विचारतात म्हणून सांगितलं. ही रक्कम मी खालच्या आकड्यांत धरलेली नाही.

आता आकडे. नोव्हेंबर १३९, डिसेंबर ११८, जानेवारी ११२. तीन महिन्यांची सरासरी १२३, आधीच्या १६४ च्या तुलनेत महिन्याला ४१ कमी. बहीण लगेच वर्षाचा गुणाकार करायला लागली. पण थांबा, या तीन महिन्यांत त्यांनी ऑगस्ट-सप्टेंबरचा साठाही वापरला, टूथपेस्ट, रेझर, हँडवॉश, साधारण ३५ डॉलरचा माल. तो तेव्हा विकत घेतलेलाच होता. महिन्याला १२ तिथे गेले, म्हणून मी ४१ नाही २९ म्हणते. एका महिन्याला २९ डॉलर, आपले अडीच हजार रुपये. रविवारचे दोन तास कमी होऊन चाळीस मिनिटांवर आले, ते पण वहीतल्या ज्या पाच-सहा ओळी संपत आल्यात तेवढ्याच ॲपमध्ये शोधायच्या म्हणून. रिवॉर्ड एकही वाया गेला नाही त्या तीन महिन्यांत.

२९ डॉलर ऐकून काही लोकांचा हिरमोड होतो, इंटरनेटवर लोक ट्रॉलीभर सामान शून्य डॉलरला दाखवतात म्हणून. ती ट्रॉली बघताना एवढंच बघा की त्यात डायपर किती आहेत आणि मस्कारा किती.

अजून एक सांगते. तो २५ सेंटचा डायपर, सगळी कूपनं जुळून आलेल्या उत्तम आठवड्यातला, मी माझ्या मुलाच्या वेळी कॉस्टकोतून आणायचे तेव्हा मला साधारण त्याच भावात पडायचा, कुठलंही कूपन न कापता. म्हणजे ड्रगस्टोअरवर भरपूर मेहनत घेऊन आपण जेमतेम तिथे पोहोचतो. जिच्याकडे गाडी नाही तिच्यासाठी ही मेहनत शंभर टक्के योग्य आहे, तिला दुसरा रस्ताच नव्हता. जिच्याकडे आहे तिने आधी हा हिशोब करावा.

काकू मार्चमध्ये परत गेल्या, वही इथेच आहे. बहिणीने उन्हाळ्यात लायसन काढलं, आता डायपर ती महिन्यातून एकदा कॉस्टकोतून आणते, आणि ड्रगस्टोअरच्या पानावर चारच ओळी राहिल्यात, टूथपेस्ट, टूथब्रश, हँडवॉश आणि शाम्पू, ज्या तिथे रिवॉर्ड धरून अजूनही सर्वात स्वस्त पडतात. मागच्या आठवड्यात बघितलं तर टूथपेस्टसमोर लिहिलं होतं, दोन ट्यूब, ८० दिवस, सध्या नको.